खेकडा घ्या, पण आधी उलटा करून पाहा

मृगाचा पाऊस पडला, ओढ्याला पहिले गढूळ पाणी आले, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाजाराच्या एका कडेला ओल्या गोणपाटाने झाकलेल्या पाट्या दिसू लागतात. पाटण, मेढा, शिराळा, कोकरूड या बाजूला तर घाटरस्त्याच्या कडेलाही वेलीने बांधलेले खेकडे हातात धरून बायका उभ्या असतात. "घ्या की ताई, रात्रीच धरल्यात, अजून वळवळत्यात," अशी हाक येते आणि पाय आपोआप थांबतो. पावसाची झड, चुलीवरचा खेकड्याचा रस्सा आणि गरम भाकरी यांचे नाते सातारा-सांगलीकडच्या माणसाला वेगळे सांगायला नको.

मृगापासून आखाड संपेपर्यंत हा धंदा जोरात चालतो. पुढे श्रावण आला की पुष्कळ घरांत वशाट बंद होते, आणि भादव्यात पुन्हा थोडीबहुत विक्री सुरू होते. थोडक्यात, वर्षातून दोन-अडीच महिनेच हा जिन्नस आपल्याला मिळतो. म्हणूनच तो घेताना घाई होते. वाटा मोठा दिसला की आपण पैसे देतो आणि पिशवी उचलतो. घरी आल्यावर कळते की निम्मे पोकळ निघाले, दोन मेलेलेच होते, आणि एकीच्या पोटाखाली शेंगदाण्याएवढी पिल्ले गच्च भरलेली होती.

शेतकरी बंधू-भगिनींनो, बैल घेताना आपण दात पाहतो, शेंगा घेताना फोडून पाहतो. मग खेकडाच पाठीवरून का घ्यायचा? खेकड्याची सारी हकिगत त्याच्या पोटावर लिहिलेली असते. ती वाचायला शिकलो तर पैसे वाया जात नाहीत, घरातली माणसे आजारी पडत नाहीत आणि आपला ओढाही रिकामा होत नाही.

आपला खेकडा कोणता?

आपल्याकडे पावसाळ्यात मिळतो तो गोड्या पाण्यातला खेकडा. कोयना, कृष्णा, वेण्णा, उरमोडी, तारळी, वारणा, मोरणा या नद्यांना मिळणारे ओढे, भाताची खाचरे, विहिरींच्या कडा आणि पाझराच्या जागा हे त्याचे घर. पाठ काळपट-तपकिरी, कधी जांभळट झाक असलेली, नांग्या दणकट आणि त्यांतली एक बहुधा दुसरीपेक्षा मोठी.

दख्खनच्या पठारावर आढळणाऱ्या या मोठ्या खेकड्याच्या एका जातीला शास्त्रज्ञ 'बॅरिटेल्फुसा क्युनिक्युलॅरिस' म्हणतात. ब्रिटिश अमदानीत कर्नल साइक्स नावाच्या अधिकाऱ्याने दख्खनची पाहणी केली. इथल्या जमिनीवर वावरणाऱ्या खेकड्यांचे त्याला मोठे नवल वाटले आणि त्यांच्यावर त्याने टिपण लिहिले. ते १८३६ साली छापले गेले आणि त्यातच या जातीला हे नाव मिळाले. 'क्युनिक्युलस' म्हणजे लॅटिन भाषेत ससा, आणि जमिनीखालचे भुयारसुद्धा. बिळे करून राहणाऱ्या या प्राण्याला ते नाव चपखल बसले.

घाटाखालून, चिपळूणकडून, समुद्राचे आणि खाडीचे खेकडेही आपल्या बाजारात येतात. दोन्ही खायला चांगले, पण चव निराळी आणि भावही निराळा. ओळखायची खूण सोपी आहे. खेकड्याच्या पायांची शेवटची, म्हणजे मागची जोडी पाहावी. समुद्राच्या आणि खाडीच्या नेहमीच्या खेकड्यांचे हे मागचे पाय टोकाला चपटे, वल्ह्यासारखे असतात, कारण त्यांना पोहायचे असते. आपल्या ओढ्याच्या खेकड्याचे सगळे पाय टोकदार असतात, कारण त्याला चालायचे आणि चढायचे असते. 'गावरान' म्हणून कोणी दुसरेच काही देत असेल तर मागचे पाय पाहून लगेच समजते.

घाटमाथ्याच्या सड्यांवर, झाडांच्या ढोलीत आणि कातळाच्या फटीत लहान, पण रंगाने भडक खेकडेही दिसतात. कोणी जांभळे, कोणी नारिंगी, कोणी तांबडे. सह्याद्रीतल्या अशा काही जाती शास्त्राला नव्याने कळल्याचे २०१६ साली प्रसिद्ध झाले. यांतल्या काही जाती अगदी थोड्या जागेतच राहतात. त्यांच्यात खाण्याजोगे मांसही नसते. मुले ते गंमत म्हणून धरून आणतात. त्यांना प्रेमाने समजावून ते जिथून आणले तिथेच सोडायला लावावे.

उन्हाळ्यात हा जातो कुठे?

पहिला पाऊस पडताच खेकडे जणू आभाळातून पडल्यासारखे सगळीकडे दिसू लागतात. पण ते वर्षभर इथेच असतात. उन्हाळ्यात ओढा आटला की खेकडा बीळ खोल करत ओलीपर्यंत जातो. बिळाचे तोंड चिखलाने लिंपतो आणि आत गप बसून राहतो. या काळात त्याला खायला फारसे मिळत नाही. जमिनीत पाणी मुरले, बिळात ओल वाढली, की तो भुकेने बाहेर पडतो. कुजका पाला, किडे, गोगलगायी, मेलेले जनावर, सापडेल ते खातो आणि ओढा साफ ठेवतो.

खेकड्याचे कवच त्याच्याबरोबर वाढत नाही. आपल्या मुलाचा सदरा आखूड झाला की नवा शिवावा लागतो, तसे खेकड्याला जुने कवच टाकून नवे घ्यावे लागते. यालाच कात टाकणे म्हणतात. नवे कवच पहिले काही दिवस अगदी मऊ असते. आतले अंग पाण्याने फुगलेले असते आणि मांस भरायला पुढे बराच वेळ लागतो. असा खेकडा आकाराने मोठा दिसतो, पण शिजवला की आत पाणीच पाणी.

'अंधाऱ्या रात्रीचा खेकडा भरलेला आणि चांदण्यातला पोकळ' असे जुनी माणसे सांगतात. चांदण्याचे काही असो, खेकडा पोकळ लागण्याचे मुख्य कारण ही कात आहे. तेव्हा पंचांग पाहण्याऐवजी खेकडाच हातात घेऊन पाहिलेला बरा.

पोट काय सांगते?

खेकडा मागून, पाठीच्या दोन्ही कडांना अंगठा आणि बोटे लावून धरावा. तिथे नांगी पोचत नाही. मग तो उलटा करावा. पोटावर एक दुमडलेली पट्टी दिसेल. ती अरुंद आणि टोकाकडे निमुळती असेल तर तो नर. ती रुंद, गोलसर, पोटाचा बहुतेक भाग झाकणारी असेल तर ती मादी. एवढे एकदा पाहिले की लहान मूलसुद्धा पुन्हा चुकत नाही.

आता मादीची पट्टी थोडी फुगलेली किंवा उघडल्यासारखी दिसते का ते पाहावे. तशी असेल तर तिच्या आत अंडी असतात किंवा पिल्ले. पावसाच्या सुरुवातीला अशा माद्या पुष्कळ सापडतात. हीच या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

समुद्रातली खेकडी लाखांनी अंडी घालते. त्यांतून निघणारे बारीक जीव पाण्यावर तरंगत दूरवर जातात, वाढतात आणि कुठल्या तरी किनाऱ्याला लागतात. एका खाडीतले खेकडे कमी झाले तरी दुसरीकडून भर पडू शकते. आपल्या ओढ्याच्या खेकडीचे तसे नाही. तिची अंडी आकाराने मोठी, पण संख्येने थोडी असतात. ती शेकड्यांत मोजावी लागतात. अंड्यातून थेट इवलासा खेकडाच बाहेर पडतो. ही पिल्ले काही आठवडे आईच्या पोटाखालच्या पट्टीत, झोळीत बसावीत तशी बसून राहतात. अंग धरले की बाहेर पडतात, ती त्याच ओढ्यात. त्यांना कोणी वाहून दूर नेत नाही आणि दुसरीकडून नवी आणूनही टाकत नाही.

म्हणजे पिल्लावाली एक खेकडी रश्श्यात गेली की एक खेकडा गेला असे होत नाही. त्या ओढ्याचे पुढच्या सालाचे बियाणेच गेले. पेरणीसाठी ठेवलेली ज्वारी कोणी दळून खाते का? बरे, तिच्यात मिळते तरी काय? पिल्ले वागवताना ती पुरेसे खातपीत नाही. मांस कमी आणि पिल्ले धुऊन काढण्याचा त्रास मात्र जादा.

"पूर्वी एका रात्रीत घागरभर खेकडे मिळायचे, आता चार मिळत नाहीत," असे बोलणे गावोगाव ऐकू येते. ओढ्यांची वाळू गेली, काठची झाडे गेली, औषधांचे पाणी आले, ही सगळी कारणे आहेतच. पण पहिल्याच पावसात आयाच उचलल्या तर बाकी काही सुधारूनही उपयोग नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

बाजारात निवड कशी करावी?

पोट पाहून झाले. आता पुढच्या चार गोष्टी पाहाव्या.

पहिली, खेकडा जिवंत हवा. पाय ओढला तर त्याने तो आत घ्यावा, नांगी उगारावी. पाय लोंबत असतील, तोंडाशी बोट नेले तरी हालचाल नसेल, तर तो घेऊ नये. मेलेला खेकडा फार लवकर नासतो, कारण त्याच्या पोटातले पाचक रस आणि जंतू आतले मांस विरघळवू लागतात. 'आत्ताच मेला' हे कोणालाच छातीठोक सांगता येत नाही. आंबूस किंवा नाकात झोंबणारा वास आला तर वाटाच नको म्हणावा.

दुसरी, वजन. सारख्या आकाराचे दोन खेकडे दोन हातांत घेऊन पाहावे. जड लागेल तो भरलेला. कानाजवळ हलक्या हाताने हलवला असता आत पाणी डुचमळल्यासारखे वाटले तर तो नुकताच कात टाकलेला.

तिसरी, कवच. पोटाच्या बाजूला, पायांच्या मुळाशी अंगठ्याने दाबावे. कडक लागले तर उत्तम. दबले तर ठेवून द्यावा. लखलखीत, स्वच्छ पाठीचा खेकडा दिसायला देखणा, पण बहुधा कवच नवे असते. पाठ खरबरीत, थोडी मळकट, नांग्यांचे दात झिजलेले, असा खेकडा दिसायला ओबडधोबड, पण आतून भरलेला निघतो. माणसाचेही कधी कधी असेच असते म्हणा!

चौथी, आकार. पाठीची रुंदी आपल्या तीन बोटांपेक्षा कमी असेल तर तो खेकडा अजून पोरवयातला आहे. त्यात चावायलाच जास्त आणि खायला कमी. तो वाढू द्यावा.

खेकडे बहुधा वाट्याने किंवा नगाने मिळतात. वाट्यात वरती दोन मोठे आणि खाली बारके, अशी मांडणी असू शकते. म्हणून वाटा न घेता निवडून नगावर घेतलेले परवडतात, जरी नगाला थोडे जास्त पडले तरी. विकणारी बाई रात्रभर पावसात भिजून, काटेकुटे तुडवून माल आणते. घासाघीस करताना एवढे ध्यानात ठेवावे. तिला सरळ सांगावे, "मावशी, पिल्लावाली नको, बारकी नको, मोठे नर निवडून द्या. त्याचे दोन पैसे जास्त घ्या." चार गिऱ्हाइके असे बोलू लागली की पुढच्या खेपेला पिल्लावाली खेकडी ओढ्यातच राहते. ज्या मालाला गिऱ्हाईक नाही तो कोणी ओझे म्हणून वाहून आणत नाही.

विषाने मारलेला माल ओळखा

काही ठिकाणी डोहात ब्लिचिंग पावडर किंवा कीटकनाशक टाकून मासे-खेकडे मारतात. हा प्रकार चोरीपेक्षा वाईट आहे. त्यात मोठे-छोटे, आई-पिल्लू काही राहत नाही. खालच्या अंगाला तेच पाणी जनावरे पितात आणि बायका त्याच पाण्यावर धुणी धुतात.

एकाच पाटीत बोटाएवढ्यापासून तळव्याएवढ्यापर्यंत सगळ्या मापाचे खेकडे, बहुतेक मलूल किंवा मेलेले, आणि सोबत बारीक माशांचा ढीग असेल तर शंका घ्यावी. औषधाचा वास आला तर शंकेचे कारणच उरले नाही. असा माल फुकट मिळाला तरी घरात आणू नये. शिजवल्याने जंतू मरतात, पण कीटकनाशक निघून जात नाही.

आपल्या शेतालाही हेच लागू आहे. उसाच्या सरीला किंवा भाताला दाणेदार औषध टाकून पाणी ओढ्यात सोडले, तर त्या ओढ्याचे खेकडे खाण्याजोगे राहत नाहीत. थिमेट नावाने आपण ज्याला ओळखत होतो त्या फोरेटवर केंद्र सरकारने ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी घातली. जुना डबा कोठे माळ्यावर पडला असेल तर तो वापरू नये, आणि ओढ्यात तर मुळीच ओतू नये. फवारणीचा पंपही ओढ्यात धुऊ नये.

घरी आणल्यावर

खेकडे प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून आणू नयेत. गुदमरून मरतात. बुट्टीत किंवा बादलीत ठेवावे, वर ओले गोणपाट टाकावे आणि वजन ठेवावे, नाहीतर रात्री घरभर शोधत बसावे लागेल. बादली पाण्याने भरू नये. साठलेल्या पाण्यातला प्राणवायू संपला की खेकडे मरतात. तळाला दोन बोटे स्वच्छ पाणी पुरे. ते एकदा बदलावे, म्हणजे अंगावरचा आणि पोटातला चिखल बराच निघून जातो. शक्यतो दुसऱ्या दिवसापर्यंत शिजवून टाकावे.

साफ करण्याआधी घरात फ्रीज असेल तर अर्धा तास बर्फाच्या कप्प्यात ठेवावे. खेकडा सुन्न होतो, त्याचे हाल होत नाहीत आणि आपली बोटेही वाचतात. नसेल तर वरून उकळते पाणी ओतावे. मग ब्रशने किंवा काथ्याने घासून धुवावे. आधी नांग्या, नंतर पाय मोडून वेगळे करावे. पोटावरची पट्टी उचकटून काढावी. तिथूनच अंगठा घालून पाठीचे कवच वेगळे करावे. आत दोन्ही बाजूंना करड्या-पांढऱ्या, पिसांसारख्या मऊ झालरी दिसतात. ते खेकड्याचे कल्ले. ते आणि डोळ्यांमागची पोटाची पिशवी काढून टाकावी. कवचातला पिवळा गाभा चमच्याने काढून वेगळा ठेवावा. चव त्यातच असते. अंगाचे दोन तुकडे करावे आणि नांग्यांना बत्त्याने हलकासा तडा द्यावा.

रस्सा असा करावा

चार-पाच माणसांना मध्यम आकाराचे ८ ते १० खेकडे पुरतात. २ कांदे आणि अर्धी वाटी सुक्या खोबऱ्याचा तुकडा विस्तवावर खरपूस भाजावा. त्यात ८-१० लसूण पाकळ्या, बोटभर आले, मूठभर कोथिंबीर आणि चमचाभर भाजलेले तीळ घालून वाटण करावे.

खेकड्याचे बारीक पाय पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये थोडे पाणी घालून वाटावे आणि फडक्यातून किंवा बारीक चाळणीतून गाळून घ्यावे. कवचाचा कण राहू देऊ नये. लहान मुलांच्या घशाला लागतो.

पातेल्यात ३ मोठे चमचे तेल तापवून त्यात थोडा चिरलेला कांदा परतावा. हळद, २ चमचे घरची कांदा-लसूण चटणी आणि वाटण घालून तेल सुटेपर्यंत परतावे. मग नांग्या, अंगाचे तुकडे आणि पिवळा गाभा घालून पाच मिनिटे परतावे. ५-६ वाट्या गरम पाणी, गाळलेला रस आणि मीठ घालावे. रस घातल्यापासून उकळी येईपर्यंत हलवत राहावे, नाहीतर तो फाटून वर गोळे येतात. उकळी आल्यावर झाकण ठेवून निदान २० मिनिटे चांगले शिजू द्यावे. आवडत असेल तर शेवटी एक-दोन आमसुले टाकावीत.

पाटण, जावळीकडे हा रस्सा भात किंवा नाचणीच्या भाकरीबरोबर खातात. माण, खटाव, जत, आटपाडीकडच्या सासुरवाशिणीला ज्वारीची भाकरी चुरून खाल्ल्याशिवाय समाधान होत नाही. दोन्ही बरोबरच आहे!

मोठी कवचे असतील तर ती फेकू नयेत. डाळीच्या पिठात थोडे वाटण, चटणी, मीठ आणि तेल घालून घट्ट मळावे, ते कवचात भरावे, दोऱ्याने बांधावे आणि रश्श्यातच शिजवावे. खेकडे थोडे आणि माणसे जास्त असली तर हा उपाय फार कामाला येतो.

कच्चा रस कधीही नको

पडसे-खोकल्यावर खेकड्याचा गरम रस्सा बरा वाटतो. गरम, तिखट रश्श्याने छाती मोकळी झाल्यासारखी वाटते. तेवढ्यापुरते ठीक आहे. पण ठेचलेल्या खेकड्याचा कच्चा किंवा अर्धवट शिजलेला रस औषध म्हणून कोणी सांगितला, तर मुलांना तो मुळीच पाजू नये.

गोड्या पाण्यातल्या खेकड्यांच्या मांसात एका चपट्या जंताची पिल्ले असू शकतात. ती कच्च्या मांसातून पोटात गेली की आतडे भेदून फुप्फुसात जाऊन राहतात. मग महिनोन् महिने खोकला, छातीत दुखणे आणि थुंकीतून रक्त. लक्षणे थेट क्षयासारखी. मणिपूर, नागालँड, अरुणाचल या भागांत असे रुग्ण सापडले आहेत आणि क्षय समजून त्यांच्यावर उपचार झाल्याची उदाहरणे आहेत. या जंतावर चांगले औषध आहे, पण आधी तो ओळखायला हवा. थुंकीतून रक्त पडत असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्यावीच, आणि खेकडे कच्चे खाल्ले असतील तर तेही डॉक्टरांना सांगावे.

चांगले शिजवले की हा जंत मरतो. मात्र ज्या पाट्यावर, विळीवर खेकडा साफ केला ती गरम पाण्याने धुतल्याशिवाय तिच्यावर कोशिंबिरीचा कांदा चिरू नये. हातही साबणाने धुवावेत.

काही माणसांना खेकडा सोसत नाही. अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, कधी दम लागतो. मुलाला पहिल्यांदा देताना दोन घोट रस्सा देऊन पाहावे. दम लागला तर घरगुती उपाय करत न बसता लगेच दवाखाना गाठावा.

धरायला जाणाऱ्यांसाठी

कित्येक घरची तरणी पोरे स्वतःच बॅटरी घेऊन रात्री ओढ्यावर जातात. काठीला गांडुळांची माळ बांधून बिळापाशी धरायची आणि खेकड्याने पकडली की उचलायची, ही जुनी रीत चांगली. बिळात हात घालण्याची रीत मात्र वाईट. पावसात त्याच बिळात साप आसऱ्याला असतो.

घाटमाथ्यावर पाऊस झाला की खाली आभाळ कोरडे असतानाही ओढ्याला लोंढा येतो. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव येथे रात्री दरडी कोसळल्या आणि माणसे गेली. पाऊस लागून राहिला असेल त्या रात्री डोंगराच्या ओढ्यात उतरू नये. रस्सा आठवड्याने झाला तरी चालतो.

कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आहे. त्याच्या हद्दीत जाऊन खेकडे-मासे धरणे हा गुन्हा ठरतो. हद्दीजवळच्या गावांनी हे मुलांना सांगून ठेवावे.

आता बांधाविषयी. शिराळ्याच्या धूळवाफेच्या भातात काय किंवा पाटणच्या खाचरात काय, खेकडा बांध पोखरतो, पाणी गळते आणि कोवळी रोपेही कापली जातात. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले, तेव्हा त्या वेळच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखवले आणि राज्यभर टीका ओढवून घेतली. आपल्यापुरता धडा एवढाच, की बांधाची राखण ही मालकाची जबाबदारी आहे. लावणीआधी बांध फिरून पाहावा, बिळांत दगड आणि चिकण माती ठोकून भरावी, बांधावरचा खेकडा धरून रश्श्याला न्यावा. बिळात औषध ओतू नये. ते औषध शेवटी आपल्याच पाण्यात उतरते.

गावाने एवढे ठरवावे

ओढा गावाचा, म्हणून त्याची राखणही गावानेच करायची. मृगापूर्वी ग्रामसभेत किंवा पारावर बसून तीन गोष्टी ठरवाव्यात. पिल्लावाली खेकडी सापडली की तिथल्या तिथे सोडायची. तीन बोटांपेक्षा लहान खेकडा धरायचा नाही. डोहात औषध किंवा पावडर टाकणाऱ्याला गावाने जाब विचारायचा. महिला मंडळांनी आणि बचत गटांनी बाजारात विकणाऱ्या बायकांनाही हे सांगावे. त्यांचे पोट त्याच ओढ्यावर आहे, तेव्हा त्यांना ते आपल्याआधी पटेल.

आणि आपण गिऱ्हाइकांनी एवढेच करायचे, की खेकडा हातात घेतला की तो उलटा करायचा. पट्टी अरुंद असेल, पोट कडक असेल आणि नांगी उगारलेली असेल, तर खुशाल पिशवीत टाका. पट्टी रुंद, फुगलेली आणि आत पिल्लांची वळवळ असेल, तर ती मावशीच्या पाटीत परत ठेवा आणि घरी जाताना ओढ्यात सोडायला सांगा.